‘बिलव्हेड’: अर्ध्यावर ठेवले जाणारे आणि पुन्हा उचलले जाणारे पुस्तक

अमेरिकी लेखिका टोनी मॉरिसन यांची ‘बिलव्हेड’ ही कादंबरी मी आतापर्यंत तीन वेळा वाचायला घेतली आहे. पहिल्या वेळी साठाव्या पानाच्या आसपास ती मिटून ठेवली आणि त्यानंतर चार वर्षे ती कपाटातच राहिली. दुसऱ्या वेळी शेवटपर्यंत पोचलो, पण कुणी कथानक विचारले तर सरळ सांगता येईना. तिसरे वाचन आमच्या आठ जणांच्या वाचकगटासाठी केले. त्या आठांपैकी तिघांनी पुस्तक अर्ध्यावर सोडले होते, एकीने ते दोन दिवसांत संपवले होते, आणि उरलेल्या आम्हा चौघांचे बोलणे एकाच प्रश्नावर इतके अडले की ठरलेली वेळ संपून गेली तरी कुणी उठले नाही. १९८७ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून अमेरिकेतही या पुस्तकाभोवती हेच होत आले आहे. त्यामुळे या परीक्षणात पुस्तकाइतकेच त्याच्या वाचकांविषयीही लिहावे लागणार आहे. कादंबरीतील मध्यवर्ती घटना मी पुढे उघड करतो आहे; ती लपवून या पुस्तकाविषयी काही अर्थपूर्ण बोलता येत नाही, आणि ती आधी कळल्याने वाचनाचे काही बिघडतही नाही.

कादंबरीचा वर्तमानकाळ १८७३ सालचा आहे. अमेरिकेत कायद्याने गुलामगिरी संपून आठ वर्षे झाली आहेत. ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराच्या कडेला, ब्लूस्टोन रस्त्यावर १२४ क्रमांकाच्या घरात सेथा नावाची स्त्री आपल्या अठरा वर्षांच्या डेन्व्हर या मुलीबरोबर राहते. घरात एका तान्ह्या मुलीच्या भुताचा वावर आहे. त्याला कंटाळून सेथाचे दोन्ही मुलगे केव्हाच पळून गेले आहेत आणि सासू बेबी सग्ज अंथरुणाला खिळून, रंगांचा विचार करत करत निवर्तली आहे. सेथा मूळची नदीपलीकडच्या केंटकी राज्यातील ‘स्वीट होम’ या मळ्यावरची गुलाम. त्याच मळ्यावरचा तिचा जुना सोबती पॉल डी एके दिवशी दारात येऊन उभा राहतो, भुताला हाकलून लावतो, आणि आता हे घर माणसांत येईल असे वाटू लागते. तोच पाण्यातून वर आलेली, नव्या बुटांची, लहान मुलासारखी गुळगुळीत कातडीची एक तरुणी त्या घरासमोर बसलेली आढळते. ती आपले नाव बिलव्हेड सांगते. सेथाच्या मेलेल्या मुलीच्या थडग्यावरच्या दगडात ‘लाडकी’ अशा अर्थाचा तेवढा एकच शब्द कोरलेला आहे, आणि तो शब्द कोरून घेण्यासाठी सेथाने कारागिराला आपले शरीर दिले होते.

ती मुलगी कशी मेली, हे कादंबरी जवळजवळ निम्मे पुस्तक होईपर्यंत सांगत नाही. १८५५ मध्ये सेथा गरोदर अवस्थेत ‘स्वीट होम’मधून पळाली, वाटेत तिने डेन्व्हरला जन्म दिला आणि ती सासूच्या घरी पोचली. त्या स्वातंत्र्याचे अठ्ठावीस दिवस झाले असताना मळ्याचा नवा कारभारी, ज्याला सारे केवळ ‘स्कूलटीचर’ म्हणून ओळखतात, तिला आणि तिच्या मुलांना परत न्यायला आला. सेथा चारही मुलांना घेऊन मागच्या खोपटात शिरली आणि ती पुन्हा त्याच्या हाती लागू नयेत म्हणून तिने त्यांना मारायला सुरुवात केली. दोन वर्षांचीही न झालेली मोठी मुलगी तिच्या हातून करवतीने मारली गेली.

या घटनेला खरा आधार आहे. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर नावाची गुलाम स्त्री केंटकीतून गोठलेली ओहायो नदी ओलांडून कुटुंबासह सिनसिनाटीत आली. पकडणाऱ्यांनी घराला वेढा घातला तेव्हा तिने आपल्या दोन वर्षांच्या मुलीचा गळा कापला. तिच्यावर ओहायोत खुनाचा खटला भरावा, असा गुलामगिरीविरोधी मंडळींचा आग्रह होता, कारण खुनाचा आरोप ठेवायचा तर आधी तिला माणूस मानावे लागले असते. १८५० च्या फरारी गुलामांविषयीच्या कायद्यानुसार मात्र ती मालकाची मालमत्ता ठरली आणि तिला परत पाठवण्यात आले. १८५८ मध्ये मिसिसिपीत विषमज्वराने तिचा मृत्यू झाला. मॉरिसन रँडम हाउस या प्रकाशनसंस्थेत संपादक असताना १९७४ मध्ये ‘द ब्लॅक बुक’ हा संग्रह सिद्ध झाला. त्याचे काम चालू असताना या घटनेविषयीचा त्या काळातला मजकूर त्यांच्या पाहण्यात आला. त्यांनी गार्नरच्या आयुष्याचा त्यापुढे मुद्दाम शोध घेतला नाही, आणि तिच्या आयुष्यात न घडलेली एक गोष्ट त्यांनी सेथाला दिली. सेथाला परत पाठवले जात नाही. ती तुरुंगातून सुटते, एका खानावळीत स्वयंपाकीण म्हणून काम करते आणि केलेल्या कृत्यासोबत अठरा वर्षे एकाच घरात राहते. कादंबरीचा खरा विषय ही अठरा वर्षे आहेत. गुलामगिरीवरची पुस्तके बहुधा सुटकेपाशी थांबतात. हे पुस्तक तिथून सुरू होते.

आता वाचकांच्या पहिल्या आणि सर्वांत मोठ्या तक्रारीकडे येतो, ती म्हणजे दुर्बोधता. पहिल्याच वाक्यात घराचा केवळ आकडा येतो आणि ते घर द्वेषाने भरलेले आहे असे सांगितले जाते; कोणते घर, कुणाचा द्वेष, काही खुलासा नाही. एका परिच्छेदात तीन काळ येतात. पात्रांची नावे ओळख करून न देता येतात. एखादी गोष्ट पहिल्यांदा केवळ शब्दाने सूचित होते, पन्नास पानांनंतर तिचा एक तुकडा दिसतो आणि शंभर पानांनंतर ती पूर्ण होते. दुसऱ्या भागात सेथा, डेन्व्हर आणि बिलव्हेड यांची स्वगते एकामागून एक येतात; त्यांतल्या बिलव्हेडच्या स्वगतात विरामचिन्हेच नाहीत, शब्दांच्या मध्ये मोकळ्या जागा आहेत, आणि ते बोलणे मेलेल्या मुलीचे आहे की आफ्रिकेतून आणणाऱ्या जहाजाच्या तळघरात कोंबलेल्या कुणा दुसरीचे, हे ठरवता येत नाही. आमच्या गटातील एका निवृत्त शिक्षकांनी नेमके इथे पुस्तक ठेवून दिले. आयुष्यभर मुलांना स्पष्ट लिहायला शिकवले, मग एवढ्या गंभीर विषयावर लेखिकेने वाचकाला असे चाचपडत का ठेवावे, असा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आळशी वाचकाचा नाही.

त्याचे एक उत्तर मॉरिसन यांनी स्वतः दिले आहे. कादंबरीच्या नंतरच्या आवृत्तीला जोडलेल्या प्रास्ताविकात त्या सांगतात की वाचकाला पळवून नेल्यासारखे, कसलीही तयारी करू न देता परक्या जागी टाकावे, हा त्यांचा हेतू होता. कारण पुस्तकातील माणसांनाही एका जागेवरून दुसऱ्या जागी असेच नेले गेले होते. हे उत्तर मला पटते, पण पुरेसे वाटत नाही. हेतू सांगितल्याने वाचन सोपे होत नाही, आणि प्रत्येक दुर्बोध पुस्तकाला अशी सबब देता येईल. माझी खात्री पटली ती तिसऱ्या वाचनात, एका वेगळ्या कारणाने. या कादंबरीतील कुणीही आपली गोष्ट सलग सांगू शकत नाही. सेथा स्वयंपाकघरात गोल गोल फिरत पॉल डीला ती घटना सांगू पाहते आणि मुद्द्यापाशी पोचतच नाही. पॉल डीने आपल्या आठवणी छातीतल्या, गंजून झाकण घट्ट बसलेल्या तंबाखूच्या डबीत बंद करून ठेवल्या आहेत. डेन्व्हरला आपल्या जन्माच्या गोष्टीखेरीज दुसरी कुठलीही ऐकायची नसते. ज्यांना आठवायचे नाही अशा माणसांच्या मनातून ही गोष्ट जशी फुटून बाहेर येईल, तशीच ती पानावर आली आहे. सरळ क्रमाने सांगितली असती तर ती कुणी तिऱ्हाईताने केलेली नोंद झाली असती. आणि नोंदी ठेवणारा माणूस या कादंबरीत कोण आहे, हे वाचकाने लक्षात घ्यावे. तो स्कूलटीचर आहे. गुलामांची मानवी लक्षणे डाव्या बाजूला आणि पशूंची लक्षणे उजव्या बाजूला लिहायला तो आपल्या शिष्यांना सांगतो, आणि ज्या शाईने हे लिहिले जाते ती शाई सेथाने स्वतःच्या हातांनी बनवलेली असते.

सेथाने आठवणींसाठी इंग्रजीत स्वतःचा एक शब्द घडवला आहे, ‘रीमेमरी’. तिच्या मते आठवण माणसाच्या डोक्यात नसते, ती त्या जागीच उभी असते. घर जळून गेले तरी तिथे त्याचे चित्र राहते, आणि जी व्यक्ती तिथे कधी गेलीच नाही तिचाही पाय त्या चित्रात पडू शकतो. हा विचार एकदा पकडला की पुस्तकाच्या रचनेतले कुलूप बऱ्याच अंशी उघडते. नव्या वाचकाला मी तो आधीच सांगतो, आणि सांगायला हवा असे माझे मत आहे.

भुताच्या बाबतीत आमच्या गटाचा अनुभव अमेरिकी समीक्षेत वाचलेल्या चर्चेहून वेगळा होता. तिथे काही अभ्यासकांनी असे सुचवले आहे की बिलव्हेड ही भूत नसून कुणा गोऱ्याने वर्षानुवर्षे कोंडून ठेवलेली आणि निसटलेली खरी मुलगी असावी; पुस्तकात तशा मुलीचा ओझरता उल्लेख आहे, आणि मॉरिसन यांनी ती वाट मुद्दाम खुली ठेवलेली दिसते. आमच्यातल्या कोकणात वाढलेल्या एका सदस्येला मात्र हा सगळा खटाटोप अनावश्यक वाटला. ज्या घरात कुणाचा जीव अडकला आहे त्या घरातली माणसे भुताचा पुरावा मागत नाहीत, त्याला काय हवे आहे ते विचारतात, असे त्या म्हणाल्या. दोन दिवसांत पुस्तक संपवणारी सदस्या तीच. भुताला काय हवे आहे, या एका प्रश्नाच्या धाग्याने ती सरळ शेवटपर्यंत गेली, आणि मला वाटते की तिचे वाचन माझ्यापेक्षा सेथाच्या शेजाऱ्यांच्या अधिक जवळचे होते. त्या वस्तीतली एला ही स्त्रीही असाच विचार करते: भुताने आपल्या जागी राहावे, पण मेलेल्या मुलीने परत येऊन आईला चाबकाने फोडून काढणे तिला मान्य नाही.

वाचनातला दुसरा फरक अधिक सूक्ष्म होता. पॉल डी भेटतो तेव्हा सेथा त्याला सांगते की पळून जाण्याआधी स्कूलटीचरच्या पुतण्यांनी तिला धरून तिच्या अंगावरचे दूध काढून घेतले, आणि तिने ते सांगितले म्हणून नंतर तिच्या पाठीची सालडी काढली. पॉल डी पुन्हा पुन्हा चाबकाविषयी विचारतो, तर सेथा पुन्हा पुन्हा दुधाकडे येते. गटातल्या पुरुषांना या प्रसंगातून पाठीवर वळांनी उमटलेले झाड लक्षात राहिले होते, मलाही तेच राहिले होते. स्त्रियांपैकी एकीनेही झाडापासून सुरुवात केली नाही. एक निवृत्त परिचारिका म्हणाल्या की पुढे खोपटात जे घडते ते दूध काढून घेतले तेव्हाच घडायला लागले आहे, कारण आपल्या मुलांसाठीचे जे आहे त्यावरही दुसऱ्याचा हक्क चालतो हे त्या आईला तिथे कळले. हे ऐकल्यावर मी ते पान पुन्हा वाचले. पॉल डीला ऐकू न येणारी गोष्ट मलाही तीन वाचनांत ऐकू आली नव्हती.

ज्या प्रश्नावर आमचे बोलणे अडले तो अर्थातच सेथाच्या कृत्याचा. तिघेजण तिला क्षमा करायला तयार होते, एकाने ठाम नकार दिला. त्याचे म्हणणे असे की गुलामगिरी कितीही क्रूर असली तरी मुलीच्या वतीने मरण निवडण्याचा अधिकार आईला नाही, आणि कादंबरी सेथाची वेदना इतक्या जवळून दाखवते की वाचकाची न्यायबुद्धी भारावून जाते. मला हा आक्षेप गंभीर वाटतो, पण पुस्तकाच्या मजकुराशी तो पूर्णपणे जुळत नाही. कादंबरीत सेथाला निर्दोष ठरवणारे कुणी नाही. बेबी सग्ज मान्यही करू शकत नाही आणि धिक्कारही करू शकत नाही, आणि त्या दोहोंच्या मध्ये खचून जाते. सेथावर प्रेम करणारा पॉल डी सत्य कळल्यावर तिला दोनच पाय आहेत, चार नाहीत, असे सुनावतो. म्हणजे नकळत स्कूलटीचरच्या वहीतलीच उजवी बाजू तिच्या अंगावर फेकतो आणि निघून जातो. वस्ती तिच्याशी बोलणे टाकते. आणि जिच्या वतीने निर्णय घेतला गेला ती मुलगी स्वतः परत येऊन जाब विचारते, आईचे अन्न, कपडे आणि शेवटी तिचा देह खाऊन फुगत जाते. एवढी कठोर शिक्षा कुठल्या न्यायालयाने दिली असती असे मला वाटत नाही.

वस्तीचाही यात वाटा आहे, आणि वाचक बहुधा हा भाग घाईने ओलांडतात. सेथा आल्यावर, तिला नदीपार आणणारा स्टॅम्प पेड दोन बादल्या भरून काळी बेरी आणतो आणि त्यातून नव्वद माणसांची पंगत उठते. एवढे अन्न, एवढा आनंद यांच्याच घरी का, अशी असूया दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या मनात उतरते आणि घोड्यावरून चार माणसे येताना दिसली तरी कुणी धावत जाऊन सावध करत नाही. अत्याचार सोसलेल्या माणसांमधला हा हेवा मॉरिसन यांनी लपवलेला नाही. अठरा वर्षांनंतर डेन्व्हर अंगणाबाहेर पाऊल टाकते, भुकेपोटी मदत मागते, तेव्हा त्याच शेजारणी अंगणाच्या कडेला झाकलेली ताटे ठेवू लागतात आणि ताट कुणाचे ते कळावे म्हणून आपली नावे लिहितात. पुढे तीस बायका एकत्र येऊन घरासमोर सूर धरतात. माझ्या मते डेन्व्हरचे ते पहिले पाऊल हे या पुस्तकातील सर्वांत धाडसी कृत्य आहे.

प्रसिद्ध झाल्यावरची मते याहून तीव्र होती. कॅनडाच्या कादंबरीकार मार्गारेट अ‍ॅटवुड यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये मनापासून स्वागत केले. स्टॅन्ली क्राउच या कृष्णवर्णीय समीक्षकाने मात्र त्याच वर्षी ‘द न्यू रिपब्लिक’मध्ये अतिशय कडवट परीक्षण लिहिले: ही कादंबरी ज्यूंच्या संहाराच्या साहित्याची नक्कल करते, दुःखांची रांग लावते आणि गुलामांना केवळ बळी म्हणून उभे करते, असा त्यांचा आरोप होता. अर्पणपत्रिकेतील ‘सहा कोटी आणि अधिक’ हा आकडाही त्यांना त्याच तुलनेचा भाग वाटला. आकड्याविषयीची शंका रास्त आहे. इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार अटलांटिकपार नेण्यासाठी जहाजांवर चढवलेल्या आफ्रिकी माणसांची एकूण संख्या सुमारे सव्वा कोटी येते. मॉरिसन यांनी अभ्यासकांकडून ऐकलेल्या मृतांच्या अंदाजांपैकी सर्वांत लहान आकडा निवडल्याचे सांगितले होते. मी तो आकडा इतिहासाचे विधान म्हणून स्वीकारत नाही. ज्यांची नोंदच झाली नाही त्यांच्यासाठी सोडलेली जागा म्हणून तो वाचतो. बळीपणाच्या आरोपाशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. प्रेयसीला भेटायला तीस मैल चालत जाणारा आणि जिवंत जाळला जात असताना हसणारा ‘स्वीट होम’वरचा सिक्सो, पाच वर्षांचे सगळे रविवार विकून आईचे स्वातंत्र्य विकत घेणारा सेथाचा नवरा हॅली, जॉर्जियातल्या चिखलातून एकाच साखळीचे हिसके ओळखत बाहेर पडणारे शेहेचाळीस कैदी, ही केवळ बळींची चित्रे नाहीत. त्या शेहेचाळीस जणांच्या सुटकेच्या पानांसारखे मी फार थोडे वाचले आहे.

जानेवारी १९८८ मध्ये अठ्ठेचाळीस कृष्णवर्णीय लेखक-समीक्षकांनी, ज्यांत माया अँजेलो आणि अ‍ॅलिस वॉकर होत्या, मॉरिसन यांना नॅशनल बुक अवॉर्ड किंवा पुलित्झर अजून मिळाले नसल्याबद्दल जाहीर निवेदन काढले. त्याच वर्षी कादंबरीला पुलित्झर मिळाले, आणि हा दबावाचा परिणाम की गुणवत्तेचा, यावर नवा वाद झाला. १९९३ च्या नोबेलनंतर तो मागे पडला.

शाळांमधला वाद अद्याप मागे पडलेला नाही. व्हर्जिनिया राज्यातील एका आईने २०१३ च्या सुमारास तक्रार केली की शाळेच्या शेवटच्या वर्गातील तिच्या मुलाला हे पुस्तक वाचून भयंकर स्वप्ने पडली. त्यातून लैंगिक मजकुराची पालकांना आगाऊ सूचना देण्याविषयीचे विधेयक तयार झाले, २०१६ मध्ये राज्यपालांनी ते नाकारले, आणि २०२१ च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीत तो प्रसंग प्रचाराच्या जाहिरातीत आला. पुस्तकात बलात्कार आहे, पशूंशी संबंधाचे उल्लेख आहेत, बालहत्या आहे. हे वाचकाला आणि पालकाला स्पष्ट सांगायलाच हवे. पण भयंकर स्वप्न पडणे हा पुस्तक चुकीचे असल्याचा पुरावा मानता येणार नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने हे एकट्याने वाचू नये, सोबत बोलायला कुणीतरी मोठे असावे, इतकीच माझी सूचना आहे.

मराठी वाचकाला १८७३ हे साल थांबवते. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ याच वर्षी पुण्यात प्रसिद्ध झाली, आणि तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना उद्देशून आहे. इथल्या शूद्रादी-अतिशूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी तो कित्ता घ्यावा, ही फुल्यांची आशा होती. पुढच्याच वर्षी, कादंबरीच्या कल्पित सिनसिनाटीत, तशाच एका सदाचारी घरात डेन्व्हर काम मागायला जाते. बॉडविन या गोऱ्या भावंडांनी आयुष्यभर गुलामगिरीविरुद्ध काम केले आहे, सेथाला तुरुंगातून सोडवायला हातभार लावला आहे, आणि त्यांच्या मागच्या दाराशी गुडघ्यावर बसलेल्या, तोंडात नाणी ठेवायची सोय असलेल्या काळ्या मुलाची मूर्ती आहे, जिच्यावर ‘आपल्या सेवेस हजर’ अशा अर्थाची अक्षरे आहेत. मॉरिसन त्यावर एक शब्दही बोलत नाहीत. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचताना मला फुल्यांची आशा भाबडी वाटली नाही. मुक्तीचा कायदा होणे किती मोठे होते हे ‘गुलामगिरी’ने मनावर ठसवले, आणि त्या कायद्यानंतर माणसाच्या आत किती काम शिल्लक राहिले हे ‘बिलव्हेड’ने.

पुस्तकात मला उणिवाही जाणवतात. बिलव्हेड पॉल डीला घरातल्या एकेका खोलीतून हुसकत बाहेरच्या थंड कोठारापर्यंत नेते, तो भाग लांबला आहे आणि त्याची सक्ती मला पूर्णपणे पटली नाही. स्वगतांच्या प्रकरणांत काही ओळी इतक्या काव्यमय होतात की बोलणारी व्यक्ती मागे पडते. उलट, पुस्तकात आनंदाची जी थोडी पाने आहेत, जत्रेहून परतताना हात धरल्यासारख्या दिसणाऱ्या तीन सावल्या, गोठलेल्या ओढ्यावर पडत-हसत घसरणाऱ्या तिघी, मखमलीसाठी बॉस्टनला निघालेली आणि वाटेत परक्या स्त्रीचे बाळंतपण करणारी गोरी एमी, त्यांच्याविषयी कुणी फारसे लिहीत नाही. ती पाने नसती तर पुस्तक सोसवले नसते.

विकत घेणार असाल तर मॉरिसन यांचे प्रास्ताविक असलेली व्हिंटेज प्रकाशनाची कागदी बांधणीची आवृत्ती घ्यावी. सव्वातीनशे पानांच्या आसपासचे पुस्तक आहे. इंग्रजी बोलीभाषेमुळे अडत असेल तर मॉरिसन यांनी स्वतः वाचलेले, सुमारे बारा तासांचे ध्वनिपुस्तक फार उपयोगी पडते. त्या हळू, जवळजवळ कुजबुजत वाचतात, आणि पानावर तुटक वाटणारी वाक्ये कानाला सलग लागतात. अर्ध्यावर सोडलेल्या तिघांपैकी एकाने असे ऐकतच पुस्तक पूर्ण केले. १९९८ चा चित्रपट मात्र आधी पाहू नये. त्यात भूत डोळ्यांना दिसते, आणि पुस्तकात वाचकाने स्वतः ओळखायच्या गोष्टी आधीच ठरून जातात.

शेवटच्या दोन पानांत एक वाक्य तीनदा येते, थोड्या फरकाने. त्यातल्या ‘पास ऑन’ या इंग्रजी क्रियापदाचे दोन अर्थ होतात: ही गोष्ट पुढच्याला देण्याजोगी नव्हे, आणि ही गोष्ट टाळून पुढे जाण्याजोगी नव्हे. मराठीत हे एका शब्दात कसे आणावे यावर आम्ही शेवटचा अर्धा तास घालवला. ‘पुढे करू नये’, ‘ओलांडू नये’, ‘सोडून देऊ नये’ असे पर्याय निघाले. ‘सोडून देऊ नये’ला निवृत्त शिक्षकांनी हरकत घेतली, कारण त्यात एकच अर्थ येतो. मग त्यांनी माझ्याकडून पुस्तक मागून घेतले आणि ती दोन पाने, ज्यांच्यापर्यंत ते पोचलेच नव्हते, तिथेच बसून वाचायला सुरुवात केली.